बिबटराज आणि लिफ्टमावशी

२ नोव्हेंबर, रविवार
आज ठरलं. महाराष्ट्राला नवा महानायक मी देणार. नाव बिबटराज. दिवसा बोरीवलीत क्लार्क, संध्याकाळी नॅशनल पार्कातला बिबट्या. पुराणंही कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा लिहिलीच ना! सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक प्रकरण. वर्षभरात पोरासोरांच्या तोंडी बिबटराज.

३ नोव्हेंबर
पहिलं प्रकरण टाकलं. बिबट्या दिसला समजून सेक्रेटरी नलिनीकाकूंनी गेट बंद करायला लावलं. म्हणजे वर्णन जिवंत उतरलंय.

९ नोव्हेंबर
पोरं लिफ्टची सगळी बटणं दाबून पळतात. बायकोने, रेवतीने, त्यांना दम दिला, की लिफ्टमध्ये लिफ्टमावशी राहते, छळलंत तर मधेच अडकवेल. मी म्हटलं, अगं, कॅरेक्टरला जरा बॅकस्टोरी तरी दे. म्हणाली, मला कुकर लावायचाय.
हौशी लोकांचं हे असंच.

१८ नोव्हेंबर
प्रतिक्रिया नाहीत. लोक पचवतायत.
लिफ्टमध्ये कुणीतरी गजरा अडकवलाय. पोरं आता एकच बटण दाबतात, तेही नमस्कार करून. सहाव्या मजल्यावरच्या कल्पिताला नोकरी लागली. इंटरव्ह्यूला निघताना लिफ्ट दारातच उभी होती म्हणे. मावशीची कृपा!

२३ नोव्हेंबर
नलिनीकाकूंना स्पष्ट सांगितलं, मावशी माझ्या बायकोने परवा बनवलीय. त्या म्हणाल्या, "तुम्ही नंतर आलात राहायला. मावशी बिल्डिंग बांधली तेव्हापासून आहे." साक्षीला रेवतीला बोलावलं. ती म्हणाली, जाऊ दे ना रे, लिफ्ट वेळेवर येतेय ना?
घरचा भेदी.

२९ नोव्हेंबर
वीज गेली. लिफ्टमध्ये मी आणि आमची गंधाली. पोर आठ वर्षांची, म्हणून धीर द्यायला बिबटराज सुरू केला. आवाज कापत होता तो लिफ्टच्या खडखडाटामुळे. लिफ्ट बंद होती, पण तरी.
गंधालीने माझा हात धरला. म्हणाली, बाबा, घाबरू नको, मावशीला हाक मार. मारली. निव्वळ मुलीच्या समाधानासाठी. दिवे आले, दार उघडलं. समोर अख्खा मजला हात जोडून. माझी हाक खालपर्यंत ऐकू गेली होती.

७ डिसेंबर
मावशीला आरती हवी होती. काकू म्हणाल्या, तुम्ही लिहिता ना काहीबाही. बिबटराज बाजूला ठेवून बसलो. आज संध्याकाळी अख्खी सोसायटी टाळ्या वाजवत माझे शब्द म्हणत होती. गंधालीला तर सगळी कडवी पाठ! ऊर भरून आला.
मग छापील कागद हाती आला. आरतीखाली लिहिलेलं, 'पारंपरिक'.
काकूंना गाठून म्हटलं, अहो, ही मी लिहिलीय. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. म्हणाल्या, "कायतरीच काय! माझी आजी मालवणला हीच म्हणायची."