नानांचा नंबर

निफाड,
९ ऑक्टोबर २०२५

संतोषभाऊजींना वहिनीचा नमस्कार. घरी सगळी बरी असतील.

तुमचा फोन आला त्या सकाळी मी ठिबकचा फिल्टर धुवत होते. तुमच्या दादांचा फोन बांधावर ठेवला होता. चहा झाला की तो चार्जिंगला लावायचा आणि मळ्यात सोबत न्यायचा, हे ते गेल्यापासून मी रोज करत होते. तो वाजला.

"नाना हायेत का?" हरसूलच्या भागीबाई.

"नाना शिमग्यात गेले, बाई."

कशाने गेले, ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आता आमाला छाटणीला कोन बोलवील?"

तो फोन ठेवते तोच तुमचा. "वहिनी, ते सिम काय देवघरात पुजताय का? दिवाळीत न्यायला येतो. मजुरांच्या टोळ्या मी सांभाळतो, मुकादमी शेतकरी नि बायका दोन्हीकडून घेऊ." फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

वाचनालयातून मी एक पुस्तक आणलं होतं. त्यात माणसं म्हणजे ठिपके आणि ओळखी म्हणजे रेघा. बातमी, रोग, काम, सगळं या रेघांवरूनच फिरतं. दोन घोळक्यांना जोडणारा एकच ठिपका असेल आणि तो पुसला गेला, तर दोन्हीकडची माणसं जागच्या जागी असूनही एकमेकांना हरवतात. ते वाचून मी तशीच बसून राहिले. इकडे निफाडचे द्राक्षबागायतदार, तिकडे छाटणीला येणाऱ्या हरसूलच्या बायका, मध्ये एकटे तुमचे दादा. एकाही शेतकऱ्याकडे एकाही बाईचा नंबर नव्हता. ते भले होते म्हणून कुणाचं बिघडलं नाही. पण ते भले होते, हा नशिबाचा भाग.

तुम्ही त्या जागी बसलात तर काय होईल, ते तुम्हीच सांगितलंत. आणि मी बसले तर? मी तरी कुठे अमरपट्टा घेऊन आलेय?

म्हणून गेल्या बाजाराला एसटीने हरसूलला गेले. भागीबाईंची सून तृप्ती हिने तुमच्या दादांच्या फोनमधून बघून प्रत्येक बाईच्या फोनमध्ये दोन-दोन बागायतदारांचे नंबर घातले.

"दोन कशाला?" भागीबाई.

"एकाने उचलला नाही तर?" मी.

"आमच्या पाड्यावर रेंजच नाय, उचलायचं कोनी!" सगळ्या हसल्या. मग भागीबाईच म्हणाल्या, "टेकाडावर मिळती. रोज एक जन जाऊन बसू."

बाजारातूनच त्यांनी आपल्या शेजारच्या बागेच्या गोटीराम बोराड्यांना फोन लावला. दर ठरला, गाडी ठरली. मला कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी परतल्यावर मी बागायतदारांकडे जाऊन बायकांचे नंबर दिले.

भाऊजी, फोन मी कामासाठी चालू ठेवला नव्हता. ज्याला ठाऊक नसतं तो विचारतो, "नाना आहेत का?" तेवढ्यापुरते ते असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला, फिल्टर धुतला. फोन चार्जिंगला लावला नाही. सिम काढून या पाकिटात घातलं.

आता न्यायला नको, भेटायला या.

तुमची वहिनी,
लंका