चाळीस गुडघे

२७ आबान, शनिवार

०.५२! पुन्हा नापास. एक आला तर पूर्ण जुळणी, आणि माझं घोडं अर्ध्यावरच अडलेलं.

दोन वर्षं घालवली या प्रश्नावलीवर. गुडघ्याचे एकतीस प्रश्न फारसीत आणले. तोच माणूस, तोच गुडघा, औषध तेच – मग आठवड्याने उत्तरंही तीच यायला हवीत ना? गटातल्या नादर-आगांनी जिन्याच्या प्रश्नाला आधी ‘फार त्रास’ लिहिलं, आता ‘काहीच नाही’. विचारलं तर म्हणे, “त्या दिवशी सुनेशी वाजलं होतं.”

माझे मार्गदर्शक डॉ. सालारी सगळ्यांदेखत म्हणाले, “अनुवाद लंगडा आहे की तू?” मुदतवाढ दोनदा घेऊन झाली. पुढच्या महिन्यात, पंधरा आझरपर्यंत नवा गट, नवा आकडा. नाहीतर विद्यापीठातून नाव कटणार. फिजिओथेरपी संपली माझी.

४ आझर, शनिवार

नवे चाळीस जण. पहिले कागद भरून झाले. पेशंटच्या बाकावरच मला रडू फुटलं – लाज गेली! शेजारी तूरान-खानुम, सत्तरीच्या. पिशवीतून खजूर भरलेलं कोलोम्पे बिस्कीट काढून हातात कोंबलं. “आधी खा. मग रड.”

सगळं सांगून टाकलं, नादर-आगांच्या जिन्यासकट. बाकावरचे सगळेच ऐकत होते. “अगं बाई, एवढी शिकलेली पोर आमच्या गुडघ्यांपायी रडते!” तूरान-खानुम म्हणाल्या.

८ आझर, बुधवार

आई म्हणते, सोडून दे. सोडून काय करू?

११ आझर, शनिवार

०.९७!! तीनदा मोजलं. चाळीसही जण आले, भराभर लिहून गेले. तूरान-खानुमना तर दोन मुलांनी धरून आणलं – गर्दी म्हणून असेल. सालारी हसले चक्क! “पळायला लागला की तुझा अनुवाद.” संध्याकाळीच अहवाल विद्यापीठात गेला. आईला मिठी मारली. जिवंत आहे मी.

१२ आझर, रविवार

आभार मानायला तूरान-खानुमना फोन केला. सून म्हणाली, सासूबाई मंगळवारपासून अंथरुणाला खिळल्यात, गुडघा टम्म सुजलाय.

पण त्यांच्या कालच्या कागदावर तर ‘थोडा त्रास’!

त्यांनी फोन ओढून घेतला. “तू रडलीस त्या शनिवारीच सगळ्यांना आपापल्या कागदाचा फोटो काढायला लावला मी. काल शब्दाला शब्द तोच उतरवला. नादर-आगांना यायला हवं होतं, त्यांनाही शिकवलं असतं! झाली ना गं पास?”

“झाले,” मी म्हणाले. “तुमचे उपकार, खानुम.”