तीन मीटरची अचूकता

११ जानेवारी, सकाळी ६.४०
नाव आली. फायबरची, छोटी मोटर. मुक्ताईनगरजवळ, धरणाच्या फुगवट्यात ठेवली. जीपीएस मशीन मी स्वतः बसवलं. मॅन्युअल छप्पन्न पानी. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पान ९ : 'हे यंत्र पाण्याची खोली दाखवत नाही.' असं कंपन्या कोर्टाच्या भीतीने छापतात.

कोकिळेची अट : पाडव्याला तिला पलीकडच्या काठावर सुखरूप न्यायचं, नाहीतर नाव विकायची. बायकोने नवऱ्याची परीक्षा घ्यावी? घेऊ दे.

१८ जानेवारी
एकटा पलीकडे जाऊन आलो. काठ हाकेच्या अंतरावर आला, तिथेच जागा सेव्ह केली, नाव दिलं 'कोकिळा-१'. उपग्रह चौदा. चूक फक्त तीन मीटर.

नथ्थू तीस वर्षं इथे मासे धरतो. त्याने पाण्यात बांबू रोवलेत. म्हणे, बांबूंच्या डावीकडूनच जा. का? स्क्रीनवर सरळ रेघ ४१० मीटरने कमी भरते. जाळी लपवतोय, दुसरं काय!

१२ मार्च
पेपरात बातमी : शेतीसाठी आवर्तन सुटलं, धरणाचं पाणी उतरतंय. उतरू दे. उपग्रह थोडेच उतरतात?

संध्याकाळी रंगेहाथ पकडला. नथ्थू बांबू उपटून साठ पावलं आत रोवत होता! जाब विचारला तर म्हणतो, "भाऊ, तुमच्या मशीनले वरचं आभाय दिसते, खालचा चिखल थोडीच दिसते?" फोटो काढून ठेवले. पुरावा असावा.

१९ मार्च, पाडवा
७.०५ ला निघालो. कोकिळा, श्रीखंडाचा डबा, मी. नथ्थू काठावरून हात हलवत ओरडत होता. जळतो. मीही हात हलवला.

७.३१. मशीन वाजलं : पोहोचलात. जागा अचूक, तीन मीटरच्या आत.
पाणी मात्र तिथे नव्हतं.

ढकलायला उतरलो. गुडघाभर चिखल. डावी चप्पल गेली (जागा सेव्ह केली). काठ अजून दीडशे पावलं. कोकिळेने विचारलं, "पोहोचलो ना? मग उतरू?" सूर बरा नव्हता.

नथ्थू बांबूंच्या वाटेने होडी घेऊन आला, मधल्या चिखलावर फळी टाकली. "अक्का, हात द्या." अक्का गेली. डबाही गेला. मी नाव सोडली नाही. ९.२० ला दोर घेऊन परत आला. मिशीला श्रीखंड होतं.

२२ मार्च, जळगाव
नाव नथ्थूने घेतली. मशीन फुकट देत होतो, तर म्हणाला, "राहू द्या भाऊ, घरी वाट चुकली तर लागीन."

दुपारी हॉलमध्ये बसून चालू केलं. मी शेजारच्या गिरधरच्या स्वयंपाकघरात दिसतो. सलग तीन वेळा. म्हणजे गिरधरची भिंत आमच्या हद्दीत सरकलेली आहे. मला आधीपासून संशय होताच. कोकिळेला स्क्रीन दाखवली.

म्हणाली, "मग आज जेवणही तिकडेच उरका."