उसवलेल्या रजया

कार्तिक वद्य ४, शके १७८६. अमरावती.

आज सकाळी अमरावतीस पोचले. आगगाडी जिथवर आली आहे तिथवर आगगाडीने, पुढे बैलगाडीने. अंग मोडून निघालं, पण मन वर्षभरात प्रथमच हलकं आहे. माझे यजमान पुण्याकडे शाळामास्तर होते. त्यांनीच मला अक्षर शिकवलं, आणि गेले तेव्हा कोऱ्या वह्यांचा एक गठ्ठा मागे राहिला. त्यातलीच ही एक. सासरी मला कोपरा होता आणि काम होतं, बोलायला माणूस नव्हतं. मोरूदादाचं पत्र आलं की आईला अर्धांगवायू झाला आहे, सिंधू, तू ये, घर तुझंच आहे. एका दिवसात मी बोचकं बांधलं.

गाव कापसाने वेडं झालेलं आहे. वेशीपासून राजापेठेपर्यंत गाड्यांची रांग, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले. विलायतेला इथलाच कापूस हवा म्हणतात. दादा इथे वकिली करायला आला आणि कापसाच्या अडतीत शिरला. घर नवं कोरं आहे, चुन्याचा वास अजून गेलेला नाही.

आईची उजवी बाजू गेली आहे आणि वाचाही. डावा हात चालतो. मला ओळखून तिने त्याच हाताने माझं तोंड चाचपलं. दोघी खूप रडलो. दुर्गावहिनी आणि तिचं बाळ गेल्या पौषात गेली. बाळंतरोग झाला, असं दादा म्हणाला आणि विषय बदलला. वहिनीला मी लग्नात पाहिलं तेवढंच. हसताना तोंडापुढे हात धरायची.

कार्तिक वद्य ९.

दिवस मार्गी लागला. पहाटे आईला कुशीवर वळवून अंग पुसते, पाठीला तेल चोळते, मग भाताची पेज चमच्याने भरवते. एक वाटी पेज जायला अर्धा तास लागतो, पण घाई कसली? लहानपणी तिने मला असंच भरवलं असेल. धुण्याभांड्यांना गोदाबाई येते. तिची बोली प्रथम अंगावर आल्यासारखी वाटते. काल मला म्हणाली, "बाई, तुमी येवढ्या हळू काहून बोलता? कोणाले भेता?" आम्ही दोघी हसलो.

आईला सारखी थंडी वाजते. भर दुपारी, उन्हात खाट नेली तरी. पाहिलं तर तिच्या अंगावरची रजई म्हणजे नुसता दोन पदरी कपडा. आत कापूस नाहीच. दादाला नवी करायला कापूस मागितला. तो कुरकुरला, हल्ली कापूस पांघरायचा राहिलेला नाही म्हणाला. शेवटी दिला. पिंजाऱ्याने पिंजून दिल्यावर ढगासारखा फुलला. उद्या शिवायला घेते.

मार्गशीर्ष शुद्ध १.

रजई झाली! तांबड्या खारव्याची, कडेला हिरवी पट्टी. धावदोरा अगदी बारीक घातला आहे, बोटभर अंतरात पाच टाके. चार दिवस अंगुस्तान बोटातून निघालं नाही. आईच्या अंगावर घातली तेव्हा तिने डावा हात वरून फिरवला. पुष्कळ दिवसांनी कोणासाठी तरी काही केलं असं वाटलं. मला स्वतःला घोंगडी आणि चटई. विधवेला मऊ अंथरूण कशाला, हे आता अंगवळणी पडलं आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ३.

सकाळी आईची रजई चपटी. एक बाजू वरपासून खालपर्यंत उसवलेली, आत चिमूटभर कापूस नाही. नवल म्हणजे दोरा कुठे तुटलेला नाही. एकेक टाका सोडवून तो अख्खा काढलेला आणि काटकीला नीट गुंडाळून उशाशी ठेवलेला. काटकसरी बाई ठेवते तसा. मला गोदाबाईचा संशय आला आणि तो मी बोलून दाखवला. तिने कानांवर हात ठेवले नाहीत, की शपथ घेतली नाही. काटकीकडे बघून तिचा चेहरा उतरला. न जेवताच घरी गेली.

मार्गशीर्ष शुद्ध ६.

दादाकडून पुन्हा कापूस मिळवला, पुन्हा भरली, दुहेरी टाका घातला. आज दुपारी दारं लावून खाटेजवळ बसले. लख्ख ऊन खिडकीतून आईच्या पायांवर पडलं होतं. आधी आवाज आला. दोरा कापडातून ओढताना येतो तसा बारीक. मग माझ्या डोळ्यांदेखत पायाकडला टाका सैल झाला. त्याच्या पुढला. त्याच्या पुढला. मी कड मुठीत घट्ट धरली तर टाके माझ्या मुठीतून निघून गेले. रजई आतून खाली खाली बसत गेली.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती खाटेच्या पायथ्याशी बघत होती. मग तिला ठसका लागला, तोंड निळं पडायला लागलं. मी बोट घातलं. घशातून ओल्या कापसाचा बोळा निघाला. मग दुसरा. असे सात.

मार्गशीर्ष शुद्ध ९.

रोज दुपारी तेच. मी रजई भरणं सोडलं तर आईच्या उशीतला कापूस गेला. रोज आईच्या घशातून बोळे काढते. नखं लहान केली, तिला ओरखडे पडू नयेत म्हणून.

आज गोदाबाईच्या घरी जाऊन तिचे पाय धरले. चोर म्हटल्याची माफी मागितली आणि विचारलं, तुला काय माहीत आहे? तिने आधी दार लावलं. मग सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"पौषात बाळंतीण झाली, बाई. मांगच्या खोलीत. थंडी अशी का हात बाहेर काहाडवत नव्हता. अन् कापसाचा भाव रोज चढून राहिला होता. तुमच्या मायनं तिच्या आंगाखालची गादी वढली. मंग रजई. सोताच्या हातानं उसवली, तिथंच, तिच्यासमोर. दोरा बी वाया जाऊ देल्ला नाई, काडीले गुंडाळला. त्या पोरीनं हात जोडले. म्हणे सासूबाई, माह्यं सारं न्या, लेकराचं दुपटं तेवढं राहू द्या. त्याच्यात बी बोटभर कापूस होता ना. तो बी काहाडला. मोरोपंत दारात पोतं धरून उभे होते."

मूल चौथ्या दिवशी गेलं, वहिनी सहाव्या. महिन्याने आईला झटका आला.

घरी कशी आले ते आठवत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १०.

आईला विचारलं. खाटेच्या कडेला बसून, तिचा डावा हात हातात घेऊन. म्हटलं, खरं असेल तर माझा हात दाब. तिने डोळे मिटले. मग दाबला. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत गेलं.

माझा संताप इतका होता की उठून अंगणात गेले आणि परत यायचंच नाही असं ठरवलं. दुपारी तिचा ठसका ऐकला. आत गेले. बोळे काढले. ती माझी आई आहे, याला मी काय करू?

मार्गशीर्ष शुद्ध १४.

एक सुचलं ते केलं. माझ्या एका जुन्या लुगड्याचं बाळाचं दुपटं शिवलं. उशीच्या अभ्र्यात उरला होता तेवढा कापूस घातला. प्रत्येक टाक्याला वहिनीचं नाव घेतलं, आईच्या वतीने क्षमा मागितली. मागची खोली सारवली आणि मधोमध ते ठेवून दार ओढून घेतलं. थोडा कापूस मिळवून आईची रजईही पुन्हा भरली.

आज दुपारी काही झालं नाही. आईची रजई जशीच्या तशी!

मार्गशीर्ष वद्य ४.

पाच दिवस शांत. आई दोन वाट्या पेज घेते. झोपते. आज मला बघून डाव्या गालाने हसली. दुपट्यावर, अगदी मधोमध, लहानसा खळगा पडला आहे. कोणाला तरी निजवल्यासारखा. मी हात लावत नाही. भीती वाटते, पण वाईट वाटत नाही.

मार्गशीर्ष वद्य ६.

दादा आज अकोल्याहून आला. तिथे भाव पुन्हा कडाडला आहे, गाडी भरायला थोडा कापूस कमी पडतो म्हणाला. घरभर फिरला. मी त्याला सगळं सांगितलं. आईच्या घशातलं, गोदाचं, दुपट्याचं. तो हसला नाही, रागावलाही नाही. ऐकून घेतलं आणि मागच्या खोलीत गेला. दुपटं उचलून झटकलं. म्हणाला, "मेलेल्यांना थंडी वाजत नाही, सिंधू. हे घर तिच्याच गादीवर उभं आहे, हेही सांग तिला." आणि कात्री चालवली.

मग आईच्या खाटेशी. मी रजई धरून ठेवली. दोन्ही हातांनी. त्याने मला ढकललं. आईने डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं. तेही सोडवलं.

तो पोतं घेऊन दारात उभा होता तेव्हा मागच्या खोलीत तान्हं मूल रडलं. एकदाच. त्यानेही ऐकलं. निघून गेला.

मार्गशीर्ष वद्य ७.

आई गेली. दुपारी.

मी काढत होते. मुठी मुठी काढत होते. जमिनीवर ढीग झाला आणि तरी येतच होता, शेवटी कोरडा, स्वच्छ, नुकता पिंजल्यासारखा. तिचा डावा हात माझ्या पदरात अडकला होता. तो मी सोडवला नाही. आपणच सुटला.

आंघोळ घालताना पोट दाबलं गेलं आणि तोंडातून आणखी— दादाने पाहिलं. क्रियाकर्माला आलेल्या भगवंत भटजींनीही. 

मार्गशीर्ष वद्य ९.

दादाला ठसका लागतो. वैद्य म्हणाले घसा साफ आहे. ते गेल्यावर मी पाहिलं. जिभेखाली पांढरं होतं.

घरातल्या सगळ्या शिवणी सुटत आहेत. दादाच्या अंगरख्याच्या बाह्या. वकिलीची पगडी. माझी चोळी तेवढी शाबूत. दोरे काटक्यांना गुंडाळून ओळीने मांडलेले, मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर.

मार्गशीर्ष वद्य ११.

दिवसभर काढते. माझ्या बोटांना त्याचे दात लागून जखमा झाल्या. त्याला मी म्हटलं, चूक झाली म्हण. एवढंच म्हण. तिचं नाव घेऊन म्हण. श्वास मिळाला तेव्हा तो म्हणाला— तेव्हा भाव होता. सगळेच विकत होते.

आईने हात दाबला होता. तिला बोलताही येत नव्हतं.

मी माझा हात काढून घेतला.

मार्गशीर्ष वद्य १२.

दार ओढून बाहेर बसले आहे. आत तो माझं नाव घेतो. सिंधू नाही, सिंधे म्हणतो, लहानपणी म्हणायचा तसं. उठावंसं वाटतं. उठत नाही. वहिनी लग्नात हसताना तोंडापुढे हात धरायची. गेली तेव्हा सोळा वर्षांची असेल. कोणी उठलं नव्हतं तिच्यासाठी.

आता नाव घेत नाही. नुसता—

थांबलं.

मला वाईट वाटत नाही. हे मी लिहून ठेवते, मागाहून कोणी विचारलं तर मी नाही म्हणू नये म्हणून.

वद्य १३.

गोदा भटजींना बोलवायला गेली. केव्हाची. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. आली नाही. दादाच्या खोलीचं दार मी उघडलेलं नाही. फटीतून पांढरं बाहेर आलं आहे, उंबऱ्यावर साचलं आहे.

मागच्या खोलीचं दार उघडं आहे.

तिथे वहिनी उभी आहे. कानांना बाळंतिणीचं फडकं बांधलेलं. कडेवर काहीतरी. माझ्याकडे बघते. रागाने नाही.

तिला म्हटलं, झालं ना आता? दोघं गेली. तू जा. बाळाला घेऊन जा.

तिने तोंडापुढे हात धरला. हसली.

वद्य १३, तेव्हाच—

रजई आणली. आईची तांबडी. गच्च भरलेली. माझ्या पायांवर घातली. किती ऊब— वर्षभर अशी—

दुसरी आणली. माझ्या मांडीवर. जड. ती हाताने कडा खोचते, हळूच, लेकराला खोचतात तशी. मला थंडी वाजू नये म्हणून.

पुरे म्हटलं.

तिसरी. उठता येत नाही. पाय लागत नाहीत. वहिनी, पुरे, मला नको, मी विधवा आहे, मला एवढं— ऐकत नाही. मान हलवते. घे, घे, असं करते. दुपट्याची फेड करते वाटतं.

चौथी छातीपर्यंत. सुई काढली आहे. रजईची कड माझ्या चोळीला शिवते, बारीक टाके, घट्ट—

हनुवटीपर्यंत. गोदा आली वाटतं, कडी वाजते आहे. हाक मारू कशी, तोंडावर मऊ—

लिहिता हात तेवढा बाहेर आहे. तिने पाहिला. प्रेमाने धरला, आत घ्यायला ओढ—