आबा, तांबडं लागलंय

प्रिय आबा,

चार वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्हाला वाचायचा किती कंटाळा! लग्नपत्रिकासुद्धा आईकडून वाचून घ्यायचात. आज लिहायला बसले, कारण काल मी तुमच्या नावावर खोटं बोलले, आणि त्या खोट्यावर आत्ता दादाचा जीव टिकून आहे. मला फार भीती वाटते आहे. आईला सांगावं तर ती हातपाय गाळून बसेल. मग सांगू कुणाला?

दादानं तुमचंच काम धरलंय, विहिरी खोदायचं. आम्ही सगळ्यांनी नको नको म्हटलं. क्रेन तीच, आणि आता क्रेनवर तुमचे दोस्त रफिकचाचा. सध्या सिरसाळ्याच्या अलीकडे एका मळ्यात काम चालू आहे. चार दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. "आशे, तांबडं लागलं!" आवाजात तुमच्यासारखाच आनंद. मी मेसमध्ये जेवायला बसले होते. ताट तसंच टाकून उठले आणि बॅग भरली.

वर काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड, आणि त्या दगडाखाली तांबडा पट्टा दिसला की पाणी जवळ आलं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. त्या दिवशी तुम्ही ती माती चिमूटभर कपाळाला लावायचात, नारळ फोडायचात, घरी येताना गूळ आणायचात. त्या गुळाची मी वाट बघायची. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला दम धरवायचा नाही. तांबड्यावर मुक्काम केला की पाणी पाठ फिरवतं, हे तुमचं म्हणणं, तुमच्या वडिलांचंही तेच. म्हणून कडेचं बांधकाम मागाहून, आधी तांबडं फोडून खाली जायचं.

आबा, मी अंबाजोगाईला बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलंय. "बापानं दगडं फोडली, आता लेक दगडं वाचनार," आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती. तिला वाटतं यात नोकरी लई आहे. मी कशासाठी घेतलं ते मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं.

पहिल्याच सहलीत मॅडमनी आम्हाला घाटात नेलं. रस्त्यासाठी डोंगर कापलेला, आणि त्या कापलेल्या अंगावर तुमचा तांबडा पट्टा. मॅडम सांगत होत्या, खालचा काळा दगड म्हणजे लाव्हाचा एक लोट. तो थंड झाला, मग मोजता येणार नाही इतका काळ गेला, त्याच्यावरची जमीन झिजून माती झाली. त्या मातीवर पुन्हा दुसरा पेटता लोट आला आणि माती भाजून तांबडी झाली. मग त्यांनी त्यातला एक टणक खडा काढून ग्लासभर पाण्यात टाकला. आमचा चहा संपेपर्यंत त्याचा चिखल झाला होता. कोरडा असेल तोवर हा थर वरचा दगड पेलतो, त्या म्हणाल्या. पाणी लागलं की मऊ पडतो आणि वरच्या भेगाळलेल्या दगडाचा आधार जातो. मुली फोटो काढत होत्या. मी कठडा धरून उभी राहिले.

परीक्षेत प्रश्न आला, 'दरड कोसळण्याची कारणे लिहा', पाच मार्क. मऊ थर, त्यावर भेगा पडलेला जड खडक, पाझर, खालून केलेलं खोदकाम. एकापाठोपाठ एक आकडे घालून लिहीत होते, आणि चौथ्या कारणाला कळलं की मी तुमचं मरण लिहिते आहे. पाचापैकी साडेचार पडले.

तीस वर्षं तुम्ही त्या मातीला हात लावलात, आबा. बाजारात वांगं घेताना दहा वेळा दाबून बघायचात, मग तो खडा एकदाही पाण्यात टाकून कसा बघितला नाहीत?

परवा मी विहिरीत वाकून बघितलं. दोन हात जाडीचा पट्टा, त्यातून पाणी पाझरतंय आणि खालच्या दगडावर तांबडे ओघळ. आधीचे दोन दिवस अवकाळी झोडपून गेलेला. मी उभी होते तेवढ्यात वरून एक लहानसा दगड सुटला आणि खाली पडला. "त्ये पडतच आसतंय," दादा म्हणाला. मी तिथलाच खडा घेऊन त्याला ग्लासातला प्रयोग करून दाखवला. तो बघत राहिला आणि हसला. "ग्लासात तर बिस्कूट बी इरघळतंय की. म्हनून काय आमी बिस्कूट खायचं सोडावं?"

काल सकाळी तो खाली उतरायला शिडीवर पाय ठेवत होता. पुस्तकातलं काही आठवेना, आणि आठवलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आबांनी जीपमधी मला सांगितलं व्हतं. बांधल्याबिगर तांबड्याखाली उतरायचं न्हाई म्हनले."

दादाचा पाय वर आला. तुम्हाला दवाखान्यात नेताना जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मागे दुसरं कुणी नव्हतं, हे त्याला माहीत आहे. "आन् ह्ये तू आज सांगतीस व्हय?" एवढंच म्हणाला आणि गवंड्याला फोन लावला. गवंडी उद्या सकाळी येणार. मी तिथेच मातीत बसले.

रफिकचाचांनी क्रेनचं इंजिन बंद केलं. आबा, दरड कोसळली त्या दिवशी तुमच्याबरोबर तेही खाली होते. त्यांचा एक पाय गुडघ्याखालून गेला, हे तुम्हाला कळलं नसेल. ते माझ्याजवळ आले आणि हळू विचारलं, "बेटा, तुज्या आबाला म्हाईत व्हतं? मंग मला कावून न्हाई सांगितलं त्यानं?"

मग ते कुबडी घेऊन बांधावरून निघून गेले. आज कामावर आले नाहीत.

दादाला वाचवायला म्हणून मी तुम्हाला काय करून ठेवलं? सगळं ठाऊक असताना दोस्ताला घेऊन खाली उतरणारा माणूस!

आणि जीपमध्ये तुम्ही काय म्हणालात, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, "रफिक वर आला का?" मी म्हटलं, आला. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. माझं नाव घेतलं नाहीत, आईचंही नाही. मी पंधरा वर्षांची होते. तुमचं डोकं माझ्या मांडीवर आणि तोंडात दुसऱ्याचं नाव, हे मला लागलं. म्हणून ते शब्द मी दाबून ठेवले. ते चाचांचे होते, आबा, आणि मी चार वर्षं ते त्यांना दिले नाहीत. तुमच्यावरचा तो राग अजून थोडा आहे, खोटं कशाला सांगू.

आता मी खोदलेल्या मातीच्या ढिगाशेजारी लिंबाखाली बसून लिहिते आहे. दुपार आहे, आणि डोंगराकडून आभाळ भरून येतंय. दादा विहिरीभोवती येरझाऱ्या घालतोय. मघाशी म्हणाला, "आबाचा शब्द हाय म्हनून थांबलो, न्हाईतर आतापस्तोर पानी लागलं आसतं." तो काठावर वाकला की माझी लेखणी थांबते. खरं सांगितलं तर तो उतरेल. नाही सांगितलं तर चाचा उरलेलं आयुष्य तुमच्याबद्दल तोच एक प्रश्न घेऊन काढतील. चाचांना खरं कळल्यावर ते क्रेन चालू करणार नाहीत असं मला वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर भावाचा जीव टांगायचा का?

तरी मी निघाले आहे. दादाला इथे एकटं ठेवायचं नाही, त्याला बरोबर घेऊन सिरसाळ्याला चाचांच्या घरी जाते. दोघांसमोर सांगणार, की आबांना माहीत नव्हतं, आपल्यात कुणालाच नव्हतं, आणि जीपमध्ये ते तुमचंच विचारत होते, चाचा. मग दादा विचारणारच, "मंग उतरू नको म्हनून कोन म्हनलं?"

तेव्हा मी तुमच्या मागे लपणार नाही, आबा. आवाज कापला तरी म्हणेन, "मी म्हणतेय." हे वचन.

तुमची,
आशी