टेंबवाडीतली राहती घरं

टेंबवाडी,
१८ फेब्रुवारी २०२५

गो विमला,

नमस्कार लिहीत नाही, तू काही माझी सासू नव्हेस. बरी आसस मा? गुडघे काय म्हणतायत? निलेशला आणि सूनबाईला आशीर्वाद सांग. फोनवर तू "बोल गो, बोल" म्हणतेस आणि मागे कुकर शिट्ट्या मारतो, माझं अर्धं तिथेच राहतं. म्हणून हे पत्र.

इकडे काजूला मोहर बरा आहे. तुझ्या परसातला फणस यंदा बुडापासून लागलाय. माझी तब्येत ठणठणीत. रेडीहून लेक सारखी म्हणते, आई, इकडे ये, एकटी काय करतेस तिथे. मी म्हणते, एकटी कुठे, चार घरांच्या चाव्या आहेत माझ्याकडे.

आता विमानतळाचं सांगते. आपल्या सड्याच्या कातळावरची धावपट्टी लांबवायची ठरलीय. लांबवली की वाडीचा रस्ता तिच्याखाली जातो. घरं जात नाहीत, रस्ता तेवढा जातो. ग्रामपंचायतीतल्या बाबलीने नोटीस वाचून दाखवली. जमिनीचा वापर बदलायचा तर आधी हरकती ऐकाव्या लागतात, आणि वाडीत वस्ती असेल तर दुसरा रस्ता करून दिल्याशिवाय हा बंद करता येत नाही. वस्ती नसेल तर रस्त्याची गरजच नाही. मी विचारलं, "वस्ती म्हणजे काय रे?" तर म्हणतो, "काकी, एका घराक वस्ती म्हणणत नाय. घरां राहती व्हयी. कुलपाचा घर धरणत नाय."

राहती घरं बघायला सरकारी माणसं सोमवारी यायची होती.

मग मी काय केलं ते सांगते, रागावू नको. तुझं दार उघडलं. मंगेशचं, किशोरीचं, आणि यमुनाबाईंच्या मागे बंद पडलेलं, तेही उघडलं. जाळ्या काढल्या, दारापुढची खळी सारवली. प्रत्येक खळ्यात दोरी बांधली आणि माझे कपडे वाटून वाळत घातले. तुझ्या चुलीत जाळ घातला, म्हणजे कौलांतून धूर निघालेला दिसेल. लाकडं माझीच होती, तुझी नाही वापरली.

काल ते आले. दोन साहेब आणि एक मॅडम. मी चहा केला. मोठ्या साहेबाने विचारलं, बाकीची माणसं कुठे आहेत? मी आपलं ऑफिसातलं मराठी काढलं, "सगळी काजूच्या बागेत गेली आहेत साहेब, संध्याकाळशिवाय परतत नाहीत." त्याने मान हलवली आणि दोघे पुढे सड्याकडे गेले. मॅडम मागे राहिली. पोरगी तुझ्या नातीएवढी असेल. तुझ्या खळ्यातल्या दोरीला हात लावून हळूच म्हणाली, "आजी, पाचही घरांत एकाच मापाची पोलकी आहेत."

विमला, पुरुषाचा एक सदरा नाही, पोराची एक चड्डी नाही. एवढी कशी गो मी खुळी. हसायला गेले आणि रडूच आलं, त्या अनोळखी पोरीसमोर. तिने मला तुझ्या पायरीवर बसवलं, पाणी आणून दिलं. म्हणाली, "मी हे आज लिहीत नाही. अठ्ठावीसला सुनावणी आहे. घरवाल्यांना तिथे येऊन सांगू दे, आम्ही इथे राहणार आहोत म्हणून." कोणी आलं नाही तर, असं मी विचारलं. तेव्हा म्हणाली, "मग तुम्हालाच विचारतील, राहती घरं किती. त्या वेळी मात्र खरं सांगा."

मंगेशला फोन केला. तो म्हणतो, काकी, मे महिन्यात येतोच आहोत. सुनावणी काय मे महिन्यापर्यंत आंबे पिकायची वाट बघत बसणार आहे? किशोरीने उचललाच नाही.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. ती माणसं यायची होती सोमवारी, आणि मी गुरुवारपासूनच दारं उघडून बसले होते. झाडसारवणीला एक दिवस पुष्कळ झाला असता. पण मी रोज तुझ्या चुलीवर पेज केली, तिथेच जेवले, ताटं दोन घेतली. तिन्हीसांजेला पाची घरांत दिवा लावायचे आणि परत येताना वाटेत उभी राहून बघत बसायचे. रस्त्याचं तेव्हा मला आठवतही नव्हतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, त्याचीच आता लाज वाटते.

अठ्ठावीसला तुला यायला जमेल का? स्टेशनवर उतरलीस तर सत्यवानाची रिक्षा पाठवते. कायमची ये असं म्हणत नाही. नातवंडं सोडून तू इथे काय करणार, ते मला समजतं. नसेल जमत तर सरळ 'नाही' कळव. 'बघू' म्हणू नको. तू 'बघू' म्हणालीस की मी भात जास्त टाकते.

विमानाशी माझा तंटा नाही. येऊ दे, जाऊ दे. पण तू आली नाहीस तर त्या दिवशी मी उभी राहीन आणि सांगेन, साहेब, टेंबवाडीत राहतं घर एकच आहे. हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही, लेकीजवळसुद्धा नाही. पहिल्यांदा परक्या माणसांसमोर बोलायची वेळ येऊ नये, म्हणून आधी तुला लिहिलं.

तुझी, शेजारच्या घरातली,
सुगंधा