न विचारता घेतलेली चाल

ती. आईस,
त्रेचाळीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा नमस्कार.

गुडघे ठीक आहेत. नाचाच्या वर्गातल्या मुली मला ‘मावशी’ म्हणतात, पण रांगेत पुढे उभं करतात. तू औषधं वेळेवर घेतेस ना?

परवा बाईंनी घरच्या कुणाची तरी चाल नाचातून दाखवायला सांगितली. मी पक्षाघातानंतरची तुझी चाल केली. खूप टाळ्या पडल्या. आता पदवीच्या परीक्षेला तोच नाच करायचा आहे, आणि तिथे नृत्यसंस्थांची माणसं कलाकार निवडायला येतात. तुला न विचारता तुझं दुखणं वापरलं, हे मनाला खातंय. तू नको म्हणालीस तर करणार नाही.

आणखी एक. उंबरठा ओलांडताना तू आधी कोणता पाय उचलतेस, तेच मला आठवेना. मी अंदाजाने डावा उचलला. ताई रोज तुझा हात धरते. तिला अंदाज करावा लागला नसता.

तुझी लांबची,
धाकटी